ऊर्फ

पिच्चर तीनचा होता, वसमत रोडच्या थेटरात,
एसी पुढच्या चार रांगांपुरताच.
मी सिव्हिलची रात्रपाळी करून आलेली.
तिकिटं सुमेधनं काढली, स्वतःच्या पैशानं.
म्हणला, आत्या चल, आपल्यासारखंच आहे म्हणतात.

आपल्यासारखंच.
एक लेकरू, आई बाळंतपणात गेलेली.
आईकडचे आजोबा वकील, घरात पेटीभर पुस्तकं.
बापाकडची आजी रुळाच्या पल्याडची,
मोठ्यानं हसणारी,
दर दोन वाक्यांनी कुणाला तरी जेवू घालणारी.
आणि कोर्ट.

जात हा शब्द अडीच तासांत एकदाच आला.
बाकी सगळीकडं 'वातावरण'.
मुलाला चांगलं वातावरण मिळालं पाहिजे.
आमच्या वेळीही हेच होतं.
बोरीकरांच्या वकिलानं अकरा वेळा म्हणलं,
मी पदराखाली बोटं मोजत होते.

राग आला तो बापावरून.
पडद्यावरचा बाप झिंगत येतो,
लेकराचा वाढदिवस विसरतो, दारातच पडतो.
ह्यांना आमच्यातला शुद्धीतला बाप
कधी सापडतच नाही का?
खुर्चीचं रेक्झीन मी नखानं टोकरत होते,
टोकरता टोकरता
राजरत्न आठवला. माझा भाऊ.
शर्वरी गेल्यावर वर्षभर घरी कसा यायचा ते.
कोर्टाची बाई घर बघायला येणार, त्या सकाळी
मी तीन बाटल्या ज्वारीच्या डब्यात तळाशी घातल्या,
वरून ज्वारी ओतली,
आणि पुढच्या तारखेला पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं,
निर्व्यसनी.
टायपिस्टनं तसंच उतरवलं.

मग राग कुणाचा करू?
लिहिणाऱ्याला आमचं घर माहीत नव्हतं,
त्यानं नुसतं धरून चाललं होतं.
त्याचं धरून चालणं आमच्या घरात खरं निघालं,
म्हणून काय ते माहीत असणं झालं?

शेवटाकडं आजोबा उभे राहतात, मागं सनई.
"मला त्याची जात दिसत नाही,
मला माझी मुलगी दिसते."
थेटरात टाळ्या.
माझे हात मांडीवरच.
ज्याला न दिसून भागतं, त्याला म्हणता येतं.

पण डोळ्याला पाणी आलं, खोटं कशाला बोलू.
निकालानंतर बोरीकर स्वतः आले होते, रिक्षानं,
लेकरू झोपलेलं खांद्यावर,
पिशवीत इस्त्री केलेले झबले
आणि एक चिठ्ठी, बारीक अक्षरात:
रात्री दोनला उठतो. पाणी कोमट लागतं.
डाव्या कुशीवर झोपवू नये.
उंबऱ्याच्या आत आले नाहीत.
मी तांब्या पुढं केला.
त्यांनी घेतला.
प्याले, की नुसता ओठाला लावला,
सतरा वर्षं झाली, मला कळलेलं नाही.

चिठ्ठीत नाव होतं तन्मय.
कोर्टाच्या कागदावर 'सुमेध ऊर्फ तन्मय'.

पिच्चर केकवर संपतो. दोन्ही घरं एका चौकटीत.
आमच्याकडं दुसरा आणि चौथा रविवार होता.
लेकरू सकाळी 'पानी' म्हणत जायचं,
दिवेलागणीला 'पाणी' म्हणत यायचं.
तो ण बुधवारपर्यंत टिकायचा.
राजरत्न त्यावर हसायचा,
पुढं हसायचा बंद झाला,
पुढं तोही नाही राहिला.

बाहेर ऊन तसंच, डांबर चपलेला चिकटणारं.
कसा वाटला रे?
तो म्हणला, सगळे रडले, आत्या,
त्या पोराला एक धड वाक्यसुद्धा दिलं नाही.
मी म्हणलं, लहान होतं ते.
मी पण होतो की, म्हणला.

त्याचा फोन वाजला.
चार पावलं लांब जाऊन, पाठ करून,
"हो आजोबा, तन्मयच. नाही, ऊन नाही लागलं.
हो, पाणी प्यायलो."
ण अगदी टाळूला लावून.

मी पर्समध्ये गाडीची चावी शोधत राहिले.
ती त्याच्याच खिशात होती.